पावसाळ्यात पानांवर तपकिरी डाग: औषध आणण्याआधी डाग नीट बघा

प्रश्न थोडक्यात असा. पणजीत पहिल्या मजल्यावरची पश्चिमेकडची बाल्कनी. तिथे मनी प्लांट, पीस लिली आणि अरेका पाम. जूनच्या शेवटी तिन्ही झाडांच्या पानांवर तपकिरी डाग दिसू लागले, काहींच्या भोवती पिवळी कड. नर्सरीतून आणलेले कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचे मिश्रण आठ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारून झाले, तरी नव्या पानांवर डाग येतच आहेत. औषध बदलायचे की झाडे टाकून द्यायची?

झाडे टाकू नका, आणि निदान आठवडाभर दुसरे औषधही आणू नका. तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. मनी प्लांट आणि पीस लिली ही दोन्ही अळूच्या कुळातली, अरेका ताडामाडाच्या कुळातला. इतक्या वेगळ्या झाडांना एकाच आठवड्यात एकच रोग होणे सहसा घडत नाही. तिघांना समान आहे ती जागा: पश्चिमेचा पाऊस, कठड्यावरून उडणारे शिंतोडे, एकमेकांना टेकलेल्या कुंड्या आणि दिवसभर न सुकणारी पाने. बुरशीच्या बीजाणूला रुजायला पानावर काही तास सलग ओल लागते. बॅक्टेरिया तर पाण्यातूनच प्रवास करतात आणि रंध्रातून किंवा बारीक ओरखड्यातून आत शिरतात. डिसेंबरात जे पान तासाभरात सुकते, ते जुलैत रात्रभर ओले राहते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ही ओल तशीच ठेवून औषधे बदलत राहिलात तर डाग थांबणार नाहीत, फक्त पैसे जातील.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मे लोक इथेच फसतात. पडलेला डाग कधीही परत हिरवा होत नाही. तो भाग मेलेला असतो. उपचार लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नका, त्यानंतर उलगडलेल्या पानावरून ठरवा. आज डागांच्या कडेला बॉलपेनने बारीक रेघ मारून ठेवा. पाच-सहा दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला असेल तर रोग जिवंत आहे. रेघेच्या आत थांबला असेल तर जे दिसते आहे तो फक्त जुना वण.

आता डाग बघायचा कसा ते. पान तोडू नका. संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च पानाच्या मागून धरा आणि पुढून पाहा.

बॅक्टेरियाचा ताजा डाग उजेडात तेल सांडलेल्या कागदासारखा दिसतो: ओलसर, अर्धपारदर्शक. त्याच्याभोवती पिवळे वलय असते. पुष्कळदा त्याला कोपरे असतात, कारण तो शिरांशी अडतो. पुढे मधला भाग तपकिरी होऊन कागदासारखा फाटतो. काही प्रकारांत पान आणि देठ बुळबुळीत होऊन कुजका वास येतो. मनी प्लांटवर पावसात येणारे पिवळ्या कडेचे डाग बऱ्याचदा याच जातीचे असतात, आणि तुमचे मिश्रण फुकट का गेले ते यातूनच कळते. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब ही बुरशीनाशके आहेत. बॅक्टेरियाच्या डागावर यातले एकही भरवशाचे औषध नाही.

बुरशीचा डाग बहुधा गोलसर आणि कोरडा असतो. कडा गडद, मधला भाग फिका, कधी एकात एक वर्तुळे. दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर मधल्या भागात मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतील. ती बुरशीची फळे, त्यांतूनच पुढचे बीजाणू बाहेर पडतात. अरेकावर लालसर तपकिरी, लांबट, पिवळ्या वलयाचे ठिपके असतील तर तेही बुरशीचे, आणि ते पानावर पाणी पडणाऱ्या पामवरच जास्त येतात. छपराखाली ठेवलेल्या पामवर फारसे येत नाहीत. एक गोंधळ इथेच मिटवू. कुंडीतला अरेका पाम म्हणजे आपली सुपारी नव्हे. तो मूळचा मादागास्करचा. त्यामुळे कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, सुपारीचा कोळेरोग (पावसात फळे कुजवून गाळणारा रोग) आपल्या बाल्कनीत आला, असे समजून घाबरू नका.

खात्री हवी असेल तर घरगुती चाचणी आहे. ताजा डाग असलेले एक पान कापा, स्वच्छ पाण्याने हलके धुवा, ओलसर टिश्यूसह झिपच्या पिशवीत घाला, थोडी हवा राहू द्या आणि सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांनी डागावरच काळे ठिपके, राखाडी लव किंवा गुलाबी-नारिंगी चिकट थेंब आले तर बुरशी. डागाची जागा पाणावून बुळबुळीत झाली आणि वास मारू लागली तर बॅक्टेरियाचा संशय पक्का होतो. मात्र अख्ख्या पानावर पांढरा कापूस उगवला तर त्यातून काही सिद्ध होत नाही. ती मेलेल्या पानावर वाढणारी साधी बुरशी असते. चाचणी चौथ्या दिवसानंतर वाचू नका, तोवर सगळेच कुजते.

रोग नसलेले डागही पुष्कळ असतात, आणि त्यांच्यावर औषध मारणे म्हणजे उगाच विष फवारणे. पीस लिलीच्या पानांची फक्त टोके आणि कडा तपकिरी, मधले पान स्वच्छ हिरवे: हा मुळांचा किंवा क्षारांचा त्रास. अरेकाच्या फक्त सर्वांत खालच्या, जुन्या झावळ्यांवर उजेडात चमकणारे बारीक पिवळे-नारिंगी ठिपके आणि टोके जळालेली: ही पोटॅशची कमतरता. पावसाचे पाणी कुंडीतून पोटॅश धुऊन नेते, म्हणून ती पावसात जास्त उघडी पडते. अशी झावळी पूर्ण वाळेपर्यंत कापू नका. पाम तिच्यातले पोटॅश काढून नव्या पानाला देत असतो. ती कापली की तो वरच्या झावळीतून ओढायला लागतो. पानाच्या खालच्या बाजूला खरबरीत, खपलीसारखे उंचवटे हाताला लागले तर तो रोग नाही. मुळे पाणी ओढतात आणि दमट हवेत पानातून ते बाहेर पडत नाही, तेव्हा पेशी फुटून तसे होते. पाणी कमी केले की नवे पान गुळगुळीत येते.

पश्चिमेच्या बाल्कनीला आणखी दोन गोष्टी सोसाव्या लागतात. मिरामार, करंझाळे, दोनापावलकडच्या घरांत जून-जुलैचा वारा खाऱ्या पाण्याचे तुषार घेऊन येतो. समुद्राकडे तोंड असलेल्याच पानांच्या कडा करपल्या आणि मागची पाने चांगली असतील तर ते मीठ. आणि ऑक्टोबरात ढग गेले की चार महिने सावलीला सरावलेल्या पानांवर एकदम दुपारचे ऊन पडते. तो डाग आधी पांढुरका, मग तपकिरी, कागदासारखा, उन्हाच्या बाजूलाच असतो. त्याला पिवळे वलय नसते आणि तो पुढे पसरत नाही. चवथीच्या साफसफाईत कुंड्या इकडच्या तिकडे झाल्या की सप्टेंबर-ऑक्टोबरात हेच घडते.

आता काम. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी तिन्ही कुंड्या पावसाच्या माऱ्यातून आत घ्या. भिंतीपासून आणि एकमेकांपासून वीतभर अंतर ठेवा. पागोळ्यांखाली कुंडी कधीच नको. छपरावरून गळणारे पाणी मातीवर आपटते आणि मातीतली बुरशी उडून खालच्या पानांवर बसते. डाग खालून वर चढत जातात ते यामुळेच. कुंडीत मातीवर नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा बारीक खडी अंथरली की हे शिंतोडे थांबतात. कुंडीखालची ताटली काढा किंवा कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचला. ताटलीतले पाणी मुळांनाही वाईट आणि पावसात डासांची सोयही तीच.

मग छाटणी, तीही कोरड्या दुपारी. पाने ओली असताना कात्री चालवली तर रोग हातानेच पुढच्या झाडावर नेला जातो. कात्री प्रत्येक कापानंतर ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. घरातले हँड सॅनिटायझरही चालते. बॅक्टेरियाचा डाग असलेले पान देठासकट काढा. बुरशीचे एक-दोनच डाग असतील तर डागाबाहेर सेंटीमीटरभर हिरवे धरून तेवढा भाग कापला तरी भागते. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाने काढू नका, नाहीतर झाडाला अन्न बनवायला काही उरत नाही. जास्त बाधलेली आधी, बाकीची दहा दिवसांनी. कापलेली पाने कुंडीत किंवा घरच्या कंपोस्टात टाकू नका, पिशवीत बांधून बाहेर द्या. हातमोजे घाला. मनी प्लांट, पीस लिली, डिफेनबेकिया या सगळ्यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अळू चिरताना हात खाजतात तशीच खाज. डोळ्याला हात लावू नका आणि कापलेले तुकडे मुलांच्या, मांजरांच्या वाटेत ठेवू नका.

त्यानंतर मुळे बघा. हे लोक टाळतात, आणि पीस लिलीच्या बाबतीत तर नेमके इथेच दुखणे असते. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर सरकवा. पांढरी, घट्ट, ओढली तर ताणणारी मुळे म्हणजे ठीक. तपकिरी मूळ चिमटीत धरून हलके ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखा तंतू राहिला, तर मूळकुज आहे. कुजलेली मुळे कापा, उरलेली वाहत्या पाण्यात धुवा आणि झाड नव्या मिश्रणात लावा. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा इंच-दीड इंचच मोठी. मोठ्या कुंडीत रिकामी माती आठवडाभर ओली राहते आणि कुजणे पुन्हा सुरू होते. मुळे छाटली असतील तर वरची दोन-चार पानेही कमी करा. उरलेल्या मुळांना सगळ्या पानांचे पाणी पुरवता येत नाही.

मिश्रणाबद्दल थोडे सविस्तर, कारण आपल्याकडची तांबडी माती एकटी कुंडीत घातली की पावसात चिखल आणि उन्हात वीट होते. कोकोपीट दोन वाटे, चांगले कुजलेले कंपोस्ट एक वाटा, आणि एक वाटा भरड काहीतरी: विटेचा चुरा, बारीक चिऱ्याचे खडे किंवा भाताचे तूस. गोव्यात तूस आणि चिऱ्याचा चुरा सहज मिळतो, परलाइटच्या मागे लागायची गरज नाही. समुद्राची रेती मात्र नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना दोन्ही असतात. कोकोपीटही आधी धुतल्याशिवाय वापरू नका. खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या सोडणांचे असेल तर त्यात भरपूर क्षार असतात. बादलीभर पाण्यात भिजवून, पिळून, पाणी ओतून द्या आणि असे तीनदा करा. टोके जळण्याच्या तक्रारी पुष्कळदा इथूनच सुरू होतात आणि दोष मात्र रोगाला दिला जातो. मिश्रण तयार झाल्यावर किलोला दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून सावलीत ओलसर ठेवा, आठवड्याने वापरा. ट्रायकोडर्मा स्वतः एक बुरशी आहे, मुळे कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी. त्याच कुंडीत पंधरा दिवसांच्या आत कार्बेन्डाझिम ओतले तर पैसे वाया.

इतके केल्यावर औषधाची पाळी. बॅक्टेरिया की बुरशी हे ठरत नसेल, किंवा दोन्हींचा संशय असेल, तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के भुकटी घ्या, लिटरला अडीच ग्रॅम. घरच्या तीन कुंड्यांना अर्धा लिटर पुरते, म्हणजे सव्वा ग्रॅम. इथे चमचा मोजमापाला चालत नाही. एकाच चमच्यात भुकटी दाबली तर बरीच जास्त बसते, आणि फवारणीनंतर पानांवर जे नवे डाग पडतात ते पुष्कळदा या जास्तीच्या तांब्याचेच असतात. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो. भुकटी आधी कपात थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, गुठळ्या मोडा, मग उरलेले पाणी घाला. ती तळाशी बसते, म्हणून दर मिनिटाला बाटली हलवा. चिकटद्रव्य असेल तर लिटरला अर्धा मिलिलिटर. पानाची खालची बाजू आधी, वरची नंतर. पान ओले दिसले की थांबा, थेंब ओघळू लागले म्हणजे जास्त झाले.

वेळ फार महत्त्वाची. पुढचे चार-पाच तास पाऊस नसेल अशी सकाळ निवडा आणि फवारल्यावर टेबलफॅन कमी वेगावर लावून पाने तासाभरात सुकवा. तांब्याचे औषध पानावर बराच वेळ ओले राहिले तर त्यातले तांबे जास्त विरघळते आणि पान करपते. ढगाळ, कुंद संध्याकाळी मारलेले कॉपर पुष्कळदा रोगापेक्षा वाईट डाग पाडते. पहिल्यांदा वापरत असाल तर एका पानावर मारून तीन दिवस वाट पाहा. सगळे ठीक असेल तर दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन ते तीन फवारण्या, त्याहून जास्त नाही. तांबे मातीत साठून राहते.

बुरशी पक्की ठरली असेल तर मॅन्कोझेब ७५ टक्के लिटरला दोन ग्रॅम. ते पानावर बसून संरक्षण करते, आत शिरत नाही. फवारणीनंतर उलगडलेल्या पानावर ते नसतेच आणि सरीने धुऊनही जाते. म्हणजे डाग बुरशीचे असते तरी तुमच्या नव्या पानांवर ते का आले, याचे हे दुसरे उत्तर. कार्बेन्डाझिम पानात शिरते, पण तेच ते सारखे मारले तर बुरशी त्याला सरावते. म्हणून ते वर्षातून एक-दोनदाच, पाळी बदलून. कोणतेही औषध बंद खोलीत किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीत फवारू नका. मास्क, मोजे हवेत. घरात माशांचे टाके असेल तर ते झाका आणि कुंडी दुसरीकडे न्या, तांबे माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असते. बॅक्टेरियासाठी अँटिबायोटिकच्या पुड्या सुचवणारे भेटतात. घरच्या झाडासाठी तो मार्ग नकोच.

सौम्य मार्ग हवा असेल तर स्युडोमोनास फ्लुरोसन्स ही जैविक भुकटी लिटरला दहा ग्रॅम, संध्याकाळी, पंधरा दिवसांनी एकदा. ती डाग येण्याआधी चांगली. झाड डागांनी भरल्यावर तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नका. नीमतेलाबद्दलही तेच. पाच मिलिलिटर तेल, एक मिलिलिटर पातळ साबण, लिटरभर कोमट पाणी हे मिलीबग, खवले कीड आणि लाल कोळ्यांसाठी ठीक आहे. बुरशीच्या डागांवर ते तोकडे पडते, बॅक्टेरियावर तर नाहीच. लाल कोळी आहेत का ते बघायला पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. हलणारे ठिपके दिसले तर ते. पण त्यांचा हंगाम मार्च ते मे, आणि एसीच्या खोल्या. जुलैत उघड्या बाल्कनीत ते क्वचितच. कापावर हळद लावायची असेल तर लावा, नुकसान काही नाही. ताक आणि दूध पानांवर मारू नका, दमट हवेत त्यावर वेगळीच बुरशी चढते. खाण्याचा सोडा कुंडीत गेला तर सोडियम साठते.

कुळागर असलेल्या घरात विचार येतो की सुपारीसाठी आणलेले मोरचूद आणि चुना आहेच, तर त्यांचे बोर्डो मिश्रणच मारू. एक टक्का बोर्डो म्हणजे दहा ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये, दहा ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, प्लास्टिकच्या भांड्यांत, आणि मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतायचे, उलट नाही. घासलेला लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. सुपारीच्या घोसांसाठी याला तोड नाही, पण पीस लिलीच्या कोवळ्या पानांना ते कडक पडते आणि फरशीवर व भिंतीवर निळे-पांढरे डाग सोडते. घरातल्या झाडांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइडच बरे. कुळागरातून उचलायची ती वेळ. बागायतदार पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी करतात आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. रोग येईपर्यंत थांबत नाहीत.

तुम्हीही मेच्या शेवटच्या आठवड्यात, पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरून झाले की, झाडांकडे वळा. गर्दी झालेली, जमिनीला टेकलेली पाने काढा, कुंडीचे भोक काडीने मोकळे करा, पाने ओल्या फडक्याने पुसा आणि कॉपरचा एक हात द्या. जूनमध्ये जागा बदलण्यापेक्षा मेमध्येच कुंड्या पावसाआड आणून ठेवा. आणि जून ते ऑगस्ट नत्राचे खत बंद. नत्राने पाने मऊ आणि लुसलुशीत होतात आणि आधी तीच पडतात. सप्टेंबरनंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेले विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा. अरेकाला पोटॅशची कमतरता दिसत असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश लिटरला दोन ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. म्युरेट ऑफ पोटॅश कुंडीत नको, त्यात क्लोराइड असते.

पाणी घालण्याचा दिवस ठरवून ठेवू नका. बोट दोन पेरे आत घाला. ओल लागली तर आज नाही. जुलैत आडोशाच्या मनी प्लांटला सहा ते आठ दिवसांनी पाणी पुरते, एप्रिलमध्ये तोच दोन-तीन दिवसांत मागतो. पीस लिलीची पाने लोळली म्हणून लगेच पाणी ओतू नका. मुळे कुजली तरी ती तशीच लोळते. आधी कुंडी उचलून वजन बघा. जड असेल आणि पाने लोळलेली असतील तर मुळे तपासा. पाणी सकाळी, मातीवर, पानांवर नाही. पानांवर तुषार मारायचा सल्ला कोरड्या, हीटर लावलेल्या घरांच्या देशांतून आला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली असते, तिथे स्प्रेची बाटली म्हणजे बुरशीला आमंत्रण.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. कुंडीच्या कडेला पांढरी पुटे दिसली तर तेच. कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट गोडे पाणी मातीतून सावकाश ओतून निथळू द्या. छपरावरचे पावसाचे पाणी यासाठी उत्तम, पहिल्या दोन-तीन सरींचे सोडून. ते बादलीत धरून मातीत ओता, झाड पावसात नेऊन ठेवू नका. समुद्रवाऱ्याचे मीठ बसलेली पानेही याच पाण्याने सकाळी धुवा आणि पंख्याखाली सुकवा.

झाड टाकून द्यायची वेळ कधी? पीस लिलीचा गाभा, म्हणजे जिथून सगळी पाने फुटतात ती जागा, काळी आणि मऊ झाली आणि पान ओढताच बुडातून सुटून आले, तर ती वाचत नाही. मातीसकट टाका, कुंडी साबणाने घासून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवा, मगच दुसरे झाड. बाल्कनीत अँथुरियम असेल आणि त्याच्या पानाच्या कडेपासून आत पिवळी-तपकिरी पाचर शिरताना दिसली, तर तो बॅक्टेरियाचा करपा असू शकतो. तो खोडात उतरतो. तिथे वेळ न घालवता ते झाड बाहेर काढा. मनी प्लांटचे मात्र उलट. बुडाशी कुजला तरी टोकाकडचे डागविरहित तीन-चार पेरांचे तुकडे काढून बरणीत मुळे धरवता येतात. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला आणि पेर बुडालेले, पान बाहेर असे ठेवा.

नवीन झाड आणताना नर्सरीत सर्वांत खालची पाने उलटून बघा. तिथे वरून पाणी मारले जाते, त्यामुळे डाग आधी तिथेच असतात. घरी आणल्यावर दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब.

एवढे करून चार ते सहा आठवड्यांत नव्या पानांवर डाग येणे थांबले नाही, तर नमुना दाखवा. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारता येते, आणि जुने गोवे येथे एला भागात किनारी शेती संशोधन संस्था आणि तिथलेच कृषी विज्ञान केंद्र आहे. नमुना नेताना पूर्ण वाळलेले पान उपयोगाचे नाही. रोग जिवंत असतो तो डागाच्या कडेला, जिथे तपकिरी आणि हिरवे मिळते. ताज्या डागांची तीन-चार पाने, एक निरोगी पान आणि थोडी मुळे घ्या. पाने कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, नाहीतर पोचेपर्यंत कुजतात. मुळे मातीसकट वेगळ्या पिशवीत. सकाळी काढून त्याच दिवशी द्या, आणि सोबत चिठ्ठीवर लिहा: डाग कधी दिसला, काय आणि किती ग्रॅमने फवारले, पाणी नळाचे की विहिरीचे, आणि कुंडी कोणत्या बाजूला आहे.